खरखर कुणाची ऐकावी?

मोबाइलवर ‘लो-फाय’ असे शोधले की साधारण तीन प्रकारचा माल समोर येतो. जुनी हिंदी गाणी मंद गतीने वाजवून वर घुमारा चढवलेली. अभ्यासाला बसताना लावून ठेवायची, चोवीस तास चालणारी वाद्यसंगीताची प्रक्षेपणे. आणि गिटार घेऊन पुटपुटत गाणाऱ्या तरुण मुलामुलींची इंग्रजी गाणी, ज्यांच्यावर ‘इंडी’ असाही एक शिक्का मारलेला असतो. हे सगळे मांडलेले असते मनःस्थितीनुसार: पावसाळी संध्याकाळ, रात्रीचा प्रवास, एकटेपणा. ऐकणाऱ्याची फसगत इथूनच सुरू होते. मनःस्थितीवरून निवडलेले गाणे ती ओसरली की डोक्यातून जाते, कलाकाराचे नाव लक्षात राहत नाही, आणि वर्षभर ऐकूनही आपल्याला नेमके काय आवडते हे सांगता येत नाही. या वाटेला नव्याने लागणाऱ्याला मी वेगळी कसोटी सुचवेन. हे गाणे कशावर मुद्रित केले आणि त्या यंत्राच्या मर्यादेमुळे गाण्याचे काय झाले, एवढे विचारायचे. ज्याच्या गाण्याला त्या मर्यादेने आकार दिला, तो कलाकार ठेवावा. ज्याने तयार गाण्यावर वरून खरखर शिंपडली, त्याला खुशाल सोडून द्यावे.

कसोटी कळायला एक यंत्र जवळून पाहावे लागते. जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ मध्ये ‘पोर्टास्टुडिओ १४४’ बाजारात आणला. आपल्या नेहमीच्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात, दोन ‘ए’ बाजूचे आणि दोन ‘बी’ बाजूचे. म्हणून तर कॅसेट उलटवावी लागते. या यंत्राने चारही पट्टे एकाच दिशेने आणि दुप्पट वेगाने वापरले. त्यामुळे एकटा माणूस घरी बसून एका पट्ट्यावर गिटार, दुसऱ्यावर आवाज, तिसऱ्यावर खुळखुळा असे एकेक करून भरू शकला. आणखी काही हवे असेल तर आधीचे तीन पट्टे मिसळून चौथ्यावर उतरवायचे, म्हणजे तीन पुन्हा मोकळे होतात. पण असे उतरवले की फितीची सूंऽऽ वाढते, वरचे स्वर बोथट होतात, आणि मिसळलेले परत वेगळे करता येत नाही. गिटार जरा मोठी झाली असे तासाभराने वाटले तर इलाज नाही. स्टुडिओत जे निर्णय महिनोन्‌महिने पुढे ढकलता येतात, ते इथे बसल्या जागी घ्यावे लागतात. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या या प्रकारच्या बहुतेक गाण्यांची तोडणी, त्यांचा आटोपशीरपणा आणि त्यांतली एक प्रकारची बेफिकिरी या एका अडचणीतून आलेली आहे.

मराठी कानाला हे तसे परके नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या किंवा केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्या आपण खरखरीसकट ऐकतोच. त्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत बसवताना गायकाला आलाप किती ठेवायचा, तान कुठे टाकायची, समेवर कधी यायचे, हे सारे नव्याने ठरवावे लागले, आणि त्यातून मैफिलीपेक्षा निराळा, रेखीव असा एक प्रकार तयार झाला. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेली, तीही अशीच साडेतीन मिनिटांची. मैफिलीच्या खासगी फिती जमवणारे रसिक तर मागचा खोकला, पेल्याचा आवाज, तबला दूर गेलेला, हे सगळे निमूट गाळून रागाकडे कान लावतात. तोच कान इथे लागतो. फरक एवढाच की तबकडीच्या गायकांनी मर्यादा नाइलाजाने पत्करली आणि लो-फायवाल्यांपैकी अनेकांनी ती जाणूनबुजून निवडली. या निवडीचा पुरावा काय, असे कुणी विचारले तर मी सुरुवातीलाच एका अतिप्रसिद्ध माणसाकडे बोट दाखवेन.

ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८१-८२ च्या हिवाळ्यात न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या घरी, याच पोर्टास्टुडिओवर, पुढच्या अल्बमची कच्ची गाणी भरून ठेवली. उद्देश सरळ होता: वाद्यवृंदाला चाली ऐकवायच्या आणि मग स्टुडिओत पक्के मुद्रण करायचे. ती कॅसेट बराच काळ त्याच्या खिशात बिनडबीची फिरत होती. पुढे वाद्यवृंदासह मुद्रण झालेही, पण त्या गाण्यांतला एकाकीपणा त्यात हरवला. शेवटी कॅसेटवरचेच आवाज तबकडीवर उतरवण्याची खटपट करून १९८२ च्या सप्टेंबरात ‘नेब्रास्का’ प्रसिद्ध झाला. पैसा होता, उत्तम वादक होते, देशातला कोणताही स्टुडिओ मिळाला असता. तरी यंत्राच्या तोकडेपणात जे पकडले गेले ते दुसरीकडे सापडले नाही. वाद्यवृंदासह केलेली मुद्रणे २०२५ मध्ये अखेर बाहेर आली आहेत, त्यामुळे आता ही गोष्ट ऐकीव राहिलेली नाही. दोन्ही लावून पाहता येतात. इंग्रजी लोकगीतांच्या वळणाचे कथागीत ज्यांना समजते त्यांनी सुरुवात इथून करावी. गाणी गुन्हेगारांची, बेकारांची, हायवेवरच्या पोलिसांची आहेत आणि एकाही गाण्यात दिलासा नाही, हे आधी सांगून ठेवतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. स्प्रिंगस्टीन कोलंबियासारख्या बलाढ्य कंपनीचा गायक. त्याला इंडी कसे म्हणायचे? म्हणूच नये. इंडी हा पैशाचा आणि मालकीचा प्रश्न आहे, लो-फाय हा आवाजाचा. दोन्ही बहुधा एकत्र आढळतात, कारण पैसा नसला की यंत्रही साधेच परवडते, पण एकावरून दुसरे गृहीत धरता येत नाही. ग्रंज संगीतामुळे जगभर गाजलेल्या सिएटलच्या सब पॉप या स्वतंत्र लेबलने १९९५ मध्ये ४९ टक्के हिस्सा वॉर्नरला विकला. आपल्याकडचा प्रतीक कुहाड २०२० मध्ये एलेक्ट्रा या बड्या लेबलशी करारबद्ध झाला आणि तरीही वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत तो इंडी गायकच राहिला. पुण्याची इझी वाँडरलिंग्ज ही मंडळी खरोखर स्वतंत्र आहेत, पण २०१७ च्या ‘ॲज रिटन इन द स्टार्स’चे मुद्रण इतके घासूनपुसून केलेले आहे की त्याला लो-फाय म्हणणे म्हणजे कष्ट घेणाऱ्यांचा अपमान. म्हणून नाव सुचवणाऱ्याला विचारावे: तू हे मालकीवरून सुचवतोस की आवाजावरून? बहुतेक शिफारशी इथेच अडखळतात. माझ्या शिफारशी आवाजावरून आहेत.

त्यात पहिल्या क्रमांकावर ओहायोतल्या डेटन गावचे गायडेड बाय व्हॉइसेस. प्रमुख गायक रॉबर्ट पोलार्ड प्राथमिक शाळेत चौथीच्या मुलांना शिकवत असे; सवंगडी गावातले, जागा तळघरे आणि गॅरेज. १९९४ च्या ‘बी थाउजंड’मध्ये वीस गाणी सुमारे ३६ मिनिटांत, पुढच्या वर्षीच्या ‘एलियन लेन्स’मध्ये अठ्ठावीस गाणी ४१ मिनिटांत. सरासरी काढली की गाण्याला दीड-दोन मिनिटे. चार पट्ट्यांवर लांबण लावली तर कंटाळा आणि सूं दोन्ही वाढतात, त्यामुळे पोलार्डने चालीचा गाभा तेवढा ठेवला आणि प्रस्तावना, मधला तुकडा, पुनरावृत्ती सगळे कापून टाकले. काही गाणी मधूनच सुरू होतात, काही शेवट न होता थांबतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा अर्धवटपणा वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कळते की चाल अगदी तयार आहे, सजावट गाळलेली आहे. हे अल्बम सुटे गाणे काढून ऐकू नयेत. दोन मिनिटांच्या गाण्याचा जोर त्याच्या शेजारच्या गाण्यावर अवलंबून असतो, आणि निवडक गाण्यांच्या यादीत तो साफ जातो. मात्र या मंडळींनी शंभराच्या वर अल्बम-तबकड्यांचा ढीग घातला असेल असे वाटण्याइतके काम केले आहे. त्या ढिगात शिरण्याआधी हे दोन पुरे.

त्याहून आधीचे आणि माझ्या मते त्याहून प्रसन्न काम न्यूझीलंडचे. १९८१ मध्ये रॉजर शेफर्डने क्राइस्टचर्चमध्ये फ्लाइंग नन हे लेबल काढले. डनेडिनच्या द क्लीन या तिघांच्या चमूने त्याच वर्षी ख्रिस नॉक्सच्या चार पट्ट्यांच्या टीॲक यंत्रावर ‘बूडल बूडल बूडल’ ही पाच गाण्यांची तबकडी भरली, आणि ती देशाच्या विक्रीयादीत पहिल्या दहांत पोचली. लंडन-न्यूयॉर्कपासून इतक्या दूर, बड्या स्टुडिओंना काडीचा रस नसलेल्या गावात, घरगुती यंत्रावर केलेले संगीत बाजारातही चालू शकते, हे तिथे दिसले. अमेरिकेतल्या पेव्हमेंट आणि यो ला टेंगो यांनी द क्लीनचे ऋण उघड मान्य केले आहे. ‘अँथॉलॉजी’ या नावाचा त्यांचा संग्रह मिळतो, तो घ्यावा. इंग्रजी शब्दांचा कंटाळा असणाऱ्यांनाही यातली गिटारची सरसर आणि सरळसोट ठेका पकडून ठेवतो.

टेक्सासच्या ऑस्टिनमधला डॅनियल जॉन्स्टन मात्र सगळ्यांना झेपेल असे नाही. साधा मोनो टेपरेकॉर्डर, खेळण्यातला वाटावा असा कॉर्ड ऑर्गन, चिरका आवाज. १९८३ मध्ये त्याने ‘यिप/जंप म्युझिक’ आणि ‘हाय, हाउ आर यू’ भरले आणि कॅसेटी लोकांच्या हातात ठेवत फिरला. सुरुवातीच्या काळात कॅसेटची प्रत काढायची सोय त्याच्याकडे नव्हती, म्हणून कुणाला प्रत द्यायची तर तो सगळी गाणी पुन्हा पहिल्यापासून गाऊन भरत असे. त्याला गंभीर मानसिक आजार होता, आणि १९९२ मध्ये ग्रंज गायक कर्ट कोबेनने त्याच्या बेडकाचे चित्र असलेला टी-शर्ट घातल्यावर जी प्रसिद्धी आली तिच्यात या आजाराचे कौतुक फार झाले. ते टाळावे. आजारामुळे गाणे थोर झाले, हा समज जॉन्स्टनवर आणि गाण्यावर दोन्हींवर अन्याय करणारा आहे. तो उत्तम चाली बांधणारा होता, बीटल्स कोळून प्यालेला. याची खात्री करून घ्यायची सोय आहे: २००४ मध्ये ‘द लेट ग्रेट डॅनियल जॉन्स्टन: डिस्कव्हर्ड कव्हर्ड’ नावाचा दोन डिस्कचा संच निघाला. एका डिस्कवर टॉम वेट्स, बेक आदींनी नीटनेटक्या मुद्रणात गायलेली त्याची गाणी आहेत, दुसरीवर तीच गाणी त्याच्या स्वतःच्या आवाजात. आधी दुसऱ्यांची डिस्क ऐकावी. चाल कानात बसली की मूळ आवाजाचा चिरकेपणा आड येत नाही, आणि काही ठिकाणी तर पाहुण्या गायकांचा सफाईदारपणाच खोटा वाटू लागतो.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. यंत्र गरिबीचे, गाता नीट येत नाही, वाजवता बेताचे, आणि त्यालाच कला म्हणायचे? उघडे सत्य असे की या प्रकारातल्या बहुसंख्य लोकांबाबत हा आक्षेप खराच आहे. घरगुती मुद्रण सोपे झाले तसा सुमार मालही वाढला. पण आक्षेप घेणारे गृहीत धरतात की चांगल्या यंत्रावर तेच गाणे आपोआप चांगले होईल, आणि हे तपासायला एक सुरेख जोडी उपलब्ध आहे. व्हर्जिनियातल्या विल टोलेडोने शाळा-कॉलेजच्या वयात गाडीच्या मागच्या सीटवर बसून गाणी म्हणायला सुरुवात केली, म्हणून नाव घेतले कार सीट हेडरेस्ट. २०११ मध्ये एकोणिसाव्या वर्षी त्याने ‘ट्विन फँटसी’ स्वतःच भरून इंटरनेटवर ठेवला. मॅटाडोर लेबलशी करार झाल्यावर, हातात पैसे आणि सोबत पूर्ण चमू आल्यावर, त्याने २०१८ मध्ये तोच अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्याने मुद्रित केला. दोन्ही मिळतात, आणि पाठोपाठ ऐकण्यासारखे आहेत. २०१८ च्या प्रतीत ड्रम ड्रमसारखे वाजतात, शब्द कळतात, दहा मिनिटांचे एक गाणे सोळा मिनिटांपर्यंत वाढले आहे आणि ती वाढ सार्थ आहे. कारागिरीच्या हिशेबात नवी प्रत उजवी, यात वाद नको. तरीही जुन्या प्रतीत आवाज फाटलेल्या गिटारीखाली गाडलेला आहे, म्हणून जे बोलायची त्या मुलाची हिंमत नाही ते तो गोंगाटाआडून बोलतो आहे असे ऐकू येते. नव्या प्रतीत एक जाणता माणूस तेच वय आठवून मांडतो. एकाच शब्दांचे दोन अर्थ झाले, आणि तो फरक यंत्राने केला. कसोटी म्हणतो ती ही.

माउंटन गोट्सच्या बाबतीतही असेच पाहता येते. जॉन डार्नियल वर्षानुवर्षे पॅनासोनिकच्या एका टेपरेकॉर्डरवर गाणी भरत असे. माइक यंत्रातच असल्याने चाकांची घरघर गाण्याबरोबर भरली जाई, आणि २००२ च्या ‘ऑल हेल वेस्ट टेक्सास’मध्ये ती जवळजवळ साथीच्या वाद्यासारखी ऐकू येते. त्याच वर्षी स्टुडिओत केलेला ‘टॅलहॅसी’ही प्रसिद्ध झाला. कथा सांगणारी गाणी आवडणाऱ्यांनी दोन्ही घ्यावेत. उलट, यंत्र जुने म्हणून काम ओबडधोबडच असणार, हा समज वॉशिंग्टन राज्यातला फिल एल्व्हरम मोडतो. द मायक्रोफोन्स या नावाने त्याने २००१ मध्ये ऑलिंपियातल्या डब नार्कोटिक स्टुडिओत, फितीवर, ‘द ग्लो पार्ट टू’ केला. थरावर थर चढवलेले, कुजबुजीपासून कानठळ्या बसेपर्यंत जाणारे हे काम आळशी माणसाचे नव्हे.

दुसरा आक्षेप आजचा आहे आणि अधिक अडचणीचा. हल्लीचा साधा फोनदेखील जुन्या पोर्टास्टुडिओपेक्षा स्वच्छ मुद्रण करतो. मग २०२० नंतरच्या गाण्यातली खरखर म्हणजे विकतचा वेष नाही का? पुष्कळदा तसेच असते. फितीची सूं, तबकडीचे तडतडणे, स्वराचा हेलकावा, हे सारे आता सॉफ्टवेअरमध्ये एका बटणावर मिळते. ओळखायची खूण सोपी आहे: खऱ्या मुद्रणात खरखर गाण्याबरोबर बदलते, पट्टा सुरू झाला की येते, बंद झाला की जाते, आवाज चढला की फाटते. शिंपडलेली खरखर पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत एकसारखी पसरलेली असते. पण डिजिटल काळातही मर्यादा स्वतःहून पत्करणारे आहेत. ग्रूपर या नावाने गाणारी लिझ हॅरिस २०११ मध्ये पोर्तुगालच्या आल्झेझुर गावी राहिली असताना तिने हाताशी असलेल्या चार पट्ट्यांच्या यंत्रावर, एका माइकसमोर, पियानो आणि आवाज भरला. ‘रुइन्स’ या नावाने तो २०१४ मध्ये आला. मागे पाऊस आणि बेडूक आहेत, आणि एका गाण्याच्या शेवटी वीज परत आल्यावर मायक्रोवेव्हने केलेला टिंग आवाजही तसाच ठेवला आहे. स्टुडिओतल्या तंत्रज्ञाने तो पहिल्यांदा काढला असता. एल्व्हरमनेच माउंट ईरी या नावाने २०१७ मध्ये केलेला ‘अ क्रो लुक्ड ॲट मी’ तर खरखरीत नाहीच. पत्नी गेली त्याच खोलीत, बहुतांशी तिचीच वाद्ये घेऊन, लॅपटॉपवर त्याने तो भरला. मर्यादा यंत्राची नाही, खोलीची आहे. नुकते कुणी जवळचे गेले असेल तर हा अल्बम सध्या ऐकू नका, असे मी स्पष्ट सांगेन.

याच डिजिटल काळातला फिलाडेल्फियाचा ॲलेक्स जी घरच्या घरी भरलेले अल्बम इंटरनेटवर ठेवता ठेवता मोठा झाला. २०१४ चा ‘डीएसयू’ हा त्याचा सोयीचा दरवाजा. एलियट स्मिथचा १९९४ चा ‘रोमन कँडल’ त्याच्याही मागचा, पोर्टलंडच्या एका तळघरात चार पट्ट्यांवर केलेला, तारेवरून बोट सरकल्याचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळून. स्मिथने मृदू आवाज दोनदा भरून एकावर एक ठेवण्याची जी रीत वापरली तिची नक्कल आज शेकडो लोक करतात. मूळ ऐकलेले बरे.

मग त्या चोवीस तासांच्या प्रक्षेपणांचे काय? अभ्यासाला बसताना ती लावण्यात काहीच वाईट नाही. पण ते वापरायचे संगीत आहे, ओळख करून घ्यायची तर उगमाकडे जावे. हा प्रवाह गिटारवाल्यांकडून आलेला नाही, हिप-हॉपमधून आला. १९८७ चे एसपी-१२०० हे यंत्र जुन्या तबकड्यांतले तुकडे साठवून वाजवायचे, पण त्याची सगळी मिळून स्मृती दहा सेकंदांची. तेवढ्यात जास्त मावावे म्हणून संगीतकार ३३ च्या वेगाची तबकडी ४५ वर फिरवून तुकडा भरत आणि यंत्रात पुन्हा खाली आणत. त्या उलाढालीत जो जाडसर, दाणेदार आवाज तयार झाला तोच पुढे ‘उबदार’ म्हणून विकला गेला. या घराण्यातले दोन जण निवडावेत. डेट्रॉइटचा जे डिला आणि टोकियोचा नुजाबेस. योगायोग असा की दोघांचाही जन्म ७ फेब्रुवारी १९७४ चा. डिला ठेका यंत्राच्या काटेकोर चौकटीत बसवू देत नसे, त्यामुळे त्याचे ढोल किंचित मागेपुढे, माणसाने वाजवल्यासारखे पडतात. त्याचे एमपीसी हे ठेका रचायचे यंत्र आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. ‘डोनट्स’ २००६ मध्ये त्याच्या वाढदिवशी आला आणि तीन दिवसांनी तो गेला. नुजाबेसचा २००५ चा ‘मोडल सोल’ ऐकला की प्रक्षेपणांत जे पातळ होऊन येते ते मुळात किती दाट होते ते कळते. मंद गतीच्या हिंदी गाण्यांबद्दल थोडक्यात: तिथे गाणे आधीच उत्तम स्टुडिओत पूर्ण झालेले असते, मर्यादा कुठेच नसते, उरतो तो परिणाम. आवडत असेल तर ऐका, कलाकार शोधायला तिथे जाऊ नका.

शब्दच कळत नाहीत तर ऐकायचे कशाला, असे म्हणणाऱ्यांना ग्रूपरपासून सुरुवात करता येईल, कारण तिचे शब्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही धड कळत नाहीत. हिंदीत हवे असेल तर दिल्लीच्या सूर्यकांत साहनीने लिफाफा या नावाने केलेला ‘जागो’ (२०१९) आहे: साधी इलेक्ट्रॉनिक यंत्रे, जुन्या चित्रपटसंगीताचे वळण आणि तिरकस शब्द. त्याच्याच पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा त्याच वर्षीचा ‘बिस्मिल्ला’ इंग्रजीत असला तरी लग्नाच्या बँडची आणि सत्तरीतल्या हिंदी गाण्यांची आठवण देणारा आहे. मराठीत मात्र या कसोटीला उतरणाऱ्या नावाची शिफारस मी आज करणार नाही. पुण्यात २०१० पासून एनएच७ वीकेंडरसारखे महोत्सव झाले, श्रोता तयार आहे. पण महोत्सव मोठ्या मंचाचा आवाज मागतो आणि हे संगीत खोलीतले.

ऐकायच्या साधनाबद्दल चार व्यवहाराच्या गोष्टी. ॲपमधला आवाजाचा दर्जा सर्वांत वरच्या पातळीवर ठेवा. फाइल लहान करणाऱ्या तंत्राला फितीची सूं सर्वांत जड जाते, कारण ती सतत आणि बेशिस्त असते. कमी दर्जावर ती पाण्याखाली गडगडल्यासारखी येते आणि दोष बिचाऱ्या कलाकाराच्या माथी जातो. बास वाढवणे, आवाज चहूबाजूंनी फिरवणे असल्या सोयी बंद करा. जॉन्स्टनसारखे मोनो मुद्रण हेडफोनपेक्षा एका साध्या स्पीकरवर, खोलीत थोडे दूर ठेवून चांगले लागते. ग्रूपर आणि एलियट स्मिथला मात्र वायरचा हेडफोनच हवा. आणि अल्बम क्रमाने, ‘शफल’ बंद करून.

पुढची नावे ॲपच्या शिफारशींवर सोडू नका. आवडलेल्या अल्बमच्या मागे लेबल कोणते, मुद्रण कुणी केले, हे पाहून शेजारचा अल्बम उचला; क्लीनवरून फ्लाइंग ननचे द चिल्स, मायक्रोफोन्सवरून के रेकॉर्ड्सचे बीट हॅपनिंग, असे दोन-तीन टप्प्यांत स्वतःचे घराणे तयार होते. एखादा अल्बम तीनदा ऐकावासा वाटला तर विकत घ्या. स्ट्रीमिंगवरून कलाकाराला मिळते ते नगण्य; बँडकॅम्पवर डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के संकेतस्थळ ठेवते आणि व्यवहाराचा खर्च वजा जाता बाकी कलाकाराकडे किंवा लेबलकडे जाते. त्यासाठी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करावे लागतात. आपल्याकडे नव्या कार्डावर ते बहुधा बंद असतात. पैसे भरल्यावर फाइल ‘फ्लॅक’ स्वरूपात लगेच उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवा. बँडकॅम्प २०२२ मध्ये एपिक गेम्सने घेतले, २०२३ मध्ये ते साँगट्रॅडरकडे गेले, आणि त्या उलथापालथीत निम्म्याच्या आसपास लोकांची नोकरी गेली; दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवलेल्या संग्रहाचा भरवसा किती धरायचा ते यावरून ठरवा.